महावितरणचं घरगुती दरपत्रक: शंभराव्या युनिटनंतरचा हिशेब

महिन्याला १६० युनिट वापरणाऱ्या घराने ६० युनिट वाचवले, तर वापर साडेसदतीस टक्क्यांनी घटतो आणि बिल जवळजवळ निम्मं होतं. महावितरणच्या घरगुती दरपत्रकाचं खरं रूप या एका वाक्यात आहे. मोबाइलच्या रिचार्जसारखे चार प्लॅन समोर ठेवून त्यातला एक निवडा, अशी सोय इथे नाही. घरगुती ग्राहकासाठी एकच दरपत्रक. तरीही निवड असतेच: आपले शेवटचे युनिट कोणत्या टप्प्यात पडू द्यायचे, ही.

२०२४-२५ चं दरपत्रक नमुन्याला घेऊ. पहिल्या १०० युनिटांना वीज आकार ४.७१ रुपये, १०१ ते ३०० ला १०.२९, ३०१ ते ५०० ला १४.५५ आणि ५०० च्या वर १६.६४. प्रत्येक युनिटावर वहन आकार, म्हणजे तारांतून वीज घरापर्यंत आणण्याचा खर्च, १.१७ रुपये. सिंगल फेजचा स्थिर आकार महिन्याला १२८ रुपये. या सगळ्या बेरजेवर १६ टक्के वीज शुल्क. इंधन समायोजन आकार महिन्यागणिक बदलतो, म्हणून तो इथे धरलेला नाही. जुलै २०२५ पासून दर बदलले. आपल्या ताज्या बिलावरचे दर घेऊन हाच हिशेब करायचा. टप्प्यांची रचना आणि हिशेबाची रीत तीच राहते.

वहन आकार आणि शुल्क धरून एका युनिटाची खरी किंमत काढली की चित्र लख्ख होतं. पहिल्या टप्प्यात ६.८२ रुपये, दुसऱ्यात १३.२९, तिसऱ्यात १८.२४ आणि चौथ्यात २०.६६. म्हणजे शंभरावं युनिट पावणेसातला आणि एकशेएकावं सव्वातेराला. १६० युनिटांचं बिल १,६२८ रुपये होतं, १०० युनिटांचं ८३१. बिलाची रक्कम भागिले युनिट करून ‘आम्हाला दहा रुपयांनी वीज पडते’ असं म्हणणारे बरेच जण असतात, पण त्या सरासरीचा उपयोग काही नाही. कमी होतात ती नेहमी वरची युनिटं. म्हणून कोणतंही उपकरण बदलायचं की नाही, हे आपल्या वरच्या टप्प्याच्या दरानेच ठरवायला हवं.

याच टप्प्यांबद्दल एक गैरसमज घट्ट रुजला आहे: शंभरचा आकडा ओलांडला की सगळीच युनिटं महाग दराने लागतात. तसं नाही. १०१ युनिट झाली तर एकच युनिट दुसऱ्या दराने लागतं, बिल फक्त १३ रुपयांनी वाढतं. महिनाअखेरीला ‘आता शंभर होतील’ म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा पंखा बंद करण्यात काहीही अर्थ नाही.

दरपत्रक म्हणून याला काय म्हणावं? शंभराच्या आत राहणाऱ्या लहान घराला ते सांभाळून घेतं, आणि हा त्याचा मोठा गुण आहे. पण दुसऱ्या टप्प्यात वीज आकार एका झटक्यात दुपटीहून वर जातो, ही उडी फार मोठी आहे. दोनशे-अडीचशे युनिट वापरणारं घर चैनीचं नसतं. आई-वडील, आजी-आजोबा, दोन मुलं, एक फ्रिज, एक गीझर एवढ्यात तो आकडा होतो. एका मीटरवर माणसं जास्त असली की त्या घराचं माणशी वीज कमी लागत असूनही दर चढा पडतो. ही या रचनेतली सर्वात मोठी खोट.

स्थिर आकाराकडे क्वचितच कोणी पाहतं. थ्री फेज जोडणीला तो २०२४-२५ मध्ये ४२४ रुपये होता. सिंगल फेजपेक्षा २९६ जास्त, शुल्क धरून महिन्याला ३४३, वर्षाला चार हजारांच्या वर. बंगला बांधताना कंत्राटदाराने ‘असू दे’ म्हणून थ्री फेज घेतलेली असते. घरात दोन एसी, थ्री फेजची मोटर किंवा चारचाकी गाडीचा चार्जर नसेल, तर बिलावरचा मंजूर भार बघा आणि सिंगल फेजसाठी अर्ज करता येतो का ते कार्यालयात विचारा. घरातलं एकही बटण न बंद करता एवढे पैसे वाचवणारी दुसरी गोष्ट नाही. वितरण बोर्डावर तीन फेजांना वाटलेल्या वायरी मात्र परवानाधारक वायरमनकडूनच एका फेजवर आणून घ्याव्यात. मुख्य एमसीबी आणि न्यूट्रलची वायर आता सगळा भार पेलणार असते. तिची जाडी न तपासता काम उरकलं, तर जोड तापतात आणि वास येईपर्यंत कळत नाही.

आता सवलती. बिलाच्या तारखेपासून सात दिवसांत भरलं तर शुल्क वगळून रकमेवर एक टक्का, ऑनलाइन भरलं तर पाव टक्का, आणि छापील बिल नको म्हणून ‘गो ग्रीन’ला नाव नोंदवलं तर बिलामागे दहा रुपये. १,६२८ च्या बिलावर तिन्ही मिळून साडेसत्तावीस रुपये होतात. उशीर झाला तर सव्वा टक्का विलंब आकार, म्हणजे वीसेक रुपये. घ्याव्यात जरूर, पण यातून बिल उतरेल अशी अपेक्षा नको. बिलावर लवकर भरण्याची तारीख आणि देय तारीख वेगळ्या छापलेल्या असतात, त्यांच्या रकमाही वेगळ्या. घाईत पाहणारा देय तारीखच पाहतो आणि पहिली सवलत निसटते.

टीओडी म्हणजे वेळेनुसार दर, याबद्दल सध्या सर्वात जास्त विचारणा होते. टीओडी मीटर बसलेल्या घरगुती ग्राहकाला १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटला ८० पैशांची सवलत सुरू झाली आणि पुढच्या वर्षांत ती टप्प्याटप्प्याने एक रुपयापर्यंत जायची आहे. दिवसा सौरऊर्जा मुबलक असते, म्हणून हा दर. कल्पना चांगली आहे आणि दिवसा घरात माणसं असतात तिथे आपोआप फायदा होतो: दिवसा ६० युनिट वापरले तर शुल्क धरून ५५-५६ रुपये कमी. पण यासाठी घराचं वेळापत्रक उलटंपालटं करण्यात हशील नाही. वॉशिंग मशीनची गार पाण्यातली एक धुलाई पाव युनिटाच्या आसपास वीज घेते. ती रात्रीऐवजी दुपारी लावली तर वीस पैसे वाचतात. त्याच मशीनचा ४० अंशांचा गरम पाण्याचा प्रोग्रॅम बंद केला तर अर्धं युनिट, म्हणजे दुसऱ्या टप्प्यात साडेसहा रुपये वाचतात. वेळ बदलण्यापेक्षा बटण बदलणं तीसपट फायद्याचं. इलेक्ट्रिक स्कूटर मात्र दिवसा चार्ज करता येत असेल तर करावी. तीन किलोवॅट-तासांच्या बॅटरीला चार्जरची गळती धरून साडेतीन युनिट लागतात. महिन्यात २५ वेळा भरली तर सवलतीचे सत्तर-ऐंशी रुपये पदरात पडतात.

या मीटरचा खरा उपयोग सवलतीपेक्षा माहितीत आहे. तासागणिक वापर मोबाइलवर दिसतो. पहाटे दोन ते पाच सगळे झोपलेले असताना किती वीज जाते ते बघा. पंखे आणि फ्रिज यांचा हिशेब वजा केल्यावर उरलं ते फुकट जाणारं.

महावितरणचं ॲप रोजच्या कामांना पुरेसं आहे. बारा आकडी ग्राहक क्रमांक टाकला की जुनी बिलं, भरणा, तक्रार आणि रीडिंग पाठवणं एका जागी मिळतं. साधा मीटर असलेल्या घरांसाठी यातली सर्वात मोलाची सोय म्हणजे स्वतः रीडिंग पाठवणं. रीडिंग घ्यायला माणूस आला आणि दाराला कुलूप असलं की सरासरीचं बिल येतं. गावी गेलेल्या कुटुंबाला बंद घराचं भरगच्च बिल येतं ते यामुळे. ठरलेल्या चार दिवसांच्या मुदतीत मीटरचा फोटो आणि आकडा पाठवला की हे टळतं.

चूक होते ती आकडा वाचताना. डिजिटल मीटरचा पडदा काही सेकंदांनी बदलत राहतो: तारीख, वेळ, व्होल्टेज, चालू भार, एकूण युनिट, कमाल मागणी. आपल्याला हवा तो आकडा ज्याच्या शेजारी केडब्ल्यूएच (kWh, म्हणजेच युनिट) लिहून येतं तोच. नुसतं केडब्ल्यू म्हणजे या क्षणाचा भार, आणि एमडी म्हणजे कमाल मागणी. २.३८ असा छोटा दशांशी आकडा दिसला तर थांबा, पुढचा पडदा येऊ द्या. दशांश चिन्हाच्या पुढचे आकडे पाठवायचे नाहीत. ते बिंदू न पाहता सलग लिहिले की रीडिंग दहापट होतं आणि अर्ज नामंजूर होतो.

दोन-तीन महिन्यांचं मिळून एक बिल आलं, तर टप्प्यांचा लाभ तितक्याच महिन्यांचा मिळायला हवा. हे प्रत्येकाने स्वतः तपासावं. तीन महिन्यांत ३०० युनिट झाले असतील तर सगळेच्या सगळे पहिल्या टप्प्यात बसतात, कारण महिन्याला शंभर. तेच एका महिन्याचे धरले गेले तर दोनशे युनिट दुसऱ्या दराने लागतात आणि शुल्कासह १,२९५ रुपये जास्त भरावे लागतात. बिलावर मागील रीडिंगची आणि चालू रीडिंगची तारीख असते. त्यांच्यात किती महिने आहेत ते मोजा, पहिल्या टप्प्यात किती युनिट धरलीत ते पाहा, आणि मधल्या काळात भरलेली सरासरीची रक्कम वजा झाली का हेही. झाली नसेल तर दोन्ही रीडिंगचे फोटो जोडून ॲपवर किंवा १९१२ वर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. तिथे काम झालं नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, त्याच्यावर विद्युत लोकपाल. मंचापुढे बोलतात कागद, म्हणून वर्षभराची बिलं जपलेली बरी.

आता घरातली युनिटं. कोणतं उपकरण किती खातं हे शोधायला वेगळं यंत्र लागत नाही, मीटरच सांगतो. मीटरवर लाल दिवा लुकलुकत असतो आणि त्याच्याजवळ ‘३२०० इम्प’ असं काहीतरी छापलेलं असतं. म्हणजे ३,२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. घरातली इतर सगळी बटणं बंद करा, फ्रिजचं प्लगसुद्धा काढा, फक्त तपासायचं उपकरण चालू ठेवा आणि एका मिनिटात दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजा. त्या संख्येला ६०,००० ने गुणा आणि छापलेल्या आकड्याने भागा, उत्तर वॅटमध्ये येतं. जुना ७५ वॅटचा पंखा मिनिटात चार वेळा लुकलुकवतो. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा पंखा दीड वेळा, म्हणून तो मोजताना पाच मिनिटं मोजून पाचाने भागावं. सगळं बंद असताना दिवा लुकलुकतच राहिला तर कुठेतरी गळती आहे किंवा आपल्या मीटरवर दुसऱ्या कोणाची तरी तार आहे. जिन्यातला दिवा, गच्चीवरची मोटर आधी बघा. तिथे काही सापडलं नाही तर वायरमनला बोलवा. गळती बिलापुरती नसते, ती ओल्या भिंतीतून झटकाही देते.

पंख्यांपासून सुरुवात करावी, कारण सर्वात जास्त तास तेच चालतात. ७५ वॅटच्या जागी ३० वॅटचा बीएलडीसी लावला तर रोजच्या १५ तासांना महिन्याला २० युनिट वाचतात, दुसऱ्या टप्प्यात २६६ रुपये. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना बीईईचं, म्हणजे केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं, तारांकन सक्तीचं आहे. पण नुसत्या तारा पाहून न थांबता वॅट आणि हवेचा झोत हे दोन्ही आकडे पाहावेत, नाहीतर वीज वाचते आणि घामही तसाच राहतो. बसवताना एक गोष्ट हटकून चुकते. भिंतीवरचा जुना रेग्युलेटर तसाच ठेवून त्यातून पुरवठा दिला जातो. बीएलडीसीच्या आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं, त्याला पूर्ण २३० व्होल्ट लागतात. रेग्युलेटरमधून जाणारा कापलेला पुरवठा त्या सर्किटला सोसत नाही. पंखा गुणगुणतो, रिमोट ऐकत नाही, आणि काही दिवसांनी सर्किट जळतं. रेग्युलेटर काढून तिथे सरळ जोडणी करून घ्यावी. तो रेग्युलेटर जुना गरम होणारा चौकोनी डबा असेल तर एरवीही बदलावा. कमी वेगावर वाचलेली वीज तो स्वतः तापण्यात घालवतो.

गीझरचा हिशेब सोपा आहे: लिटर गुणिले जितके अंश तापवायचं, भागिले ८६०, म्हणजे युनिट. २५ अंशांचं वीस लिटर पाणी ४० अंशांवर न्यायला ०.३५ युनिट. चार माणसांच्या चार बादल्यांचे महिन्याला ४२. थंडीत नळाचं पाणी २० अंशांवर आलं की तेच ५६. गीझर दिवसभर चालू ठेवला तर टाकीच्या भिंतींतून जाणारी उष्णता वेगळी. १५ लिटरच्या टाकीला रोजचं एक तृतीयांश युनिट तरी, म्हणजे महिन्याला दहा. दोन किलोवॅटच्या कॉइलला १५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला १८-२० मिनिटं पुरतात. आंघोळीच्या अर्धा तास आधी लावून ठेवण्याची गरज नाही. थर्मोस्टॅट खाली आणायचा तर ५० च्या आसपास. जिथे बोअरचं पाणी आहे तिथे कॉइलवर क्षारांचा थर बसतो, पाणी तापायला वेळ लागतो आणि शेवटी कॉइल फुटते. दोन वर्षांतून एकदा टाकी उघडून कॉइल साफ करून घ्यावी, त्याच वेळी आतला मॅग्नेशियमचा रॉड झिजला असेल तर बदलून घ्यावा.

गॅस की वीज, हा प्रश्न टप्प्याने सुटतो. सिलिंडर ८५०-९०० रुपयांचा धरला तर गॅस गीझरमधून मिळणारी उष्णता युनिटला सहा रुपयांच्या आसपास पडते. दुसऱ्या टप्प्यातल्या विजेच्या ती निम्मी आहे. इंडक्शन शेगडीही दुसऱ्या टप्प्यात गॅसच्या जवळपास दुप्पट महाग पडते. फक्त शंभराच्या आतल्या घरात दोघं जवळजवळ बरोबरीला येतात. पण गॅस गीझर न्हाणीघराच्या आत कधीही बसवू नये. बंद जागेत जळणाऱ्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नसतो, आणि माणूस आंघोळ करताकरता बेशुद्ध पडतो. गीझर बाहेर मोकळ्या हवेत, आत फक्त पाण्याचा नळ. तशी जागा नसेल तर विजेचाच ठेवावा, चार पैसे जास्त गेले तरी.

एसीच्या लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात, ते १,६०० तासांचे. त्याला १,६०० ने भागलं की तासाचा खर्च निघतो. दीड टनाच्या दोन एसींवर एकावर ७५० आणि दुसऱ्यावर १,००० छापलं असेल, तर रोज आठ तासांना महिन्याचा फरक ३७-३८ युनिटांचा. एसीवाल्या घराची उन्हाळ्यात ही युनिटं तिसऱ्या टप्प्यात असतात, म्हणजे पावणेसातशे रुपये. तीन महिने वापरणाऱ्याने महागडा घ्यायचा की नाही, हे यावरून ठरवावं. दर दोन आठवड्यांनी जाळी पाण्याखाली धुऊन वाळवून लावणं मात्र दोन्ही एसींना लागू.

फ्रिजच्या दाराचं रबर सैल झालं की कॉम्प्रेसर थांबतच नाही. दहाची नोट दारात धरून दार लावा आणि ओढा. सहज निघाली तर रबर बदलायचं. कोपऱ्यांत, विशेषतः बिजागरीच्या बाजूला खाली, ही तपासणी वेगळी करावी. सर्वात आधी तिथेच फट पडते.

मुंबईच्या उपनगरांत पुरवठादार निवडण्याची सोय आहे, अदानी आणि टाटा यांच्यात. तिथे जाहिरातीतला युनिटचा दर पाहू नका. ज्याची तार त्याचा वहन आकार द्यावाच लागतो, तेव्हा स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार आणि समायोजन यांची आपल्या वापराच्या टप्प्यांवर बेरीज मांडूनच तुलना करावी, तीही बारा महिन्यांच्या युनिटांवर, एका मे महिन्याच्या नव्हे. गोव्यात पुरवठा सरकारच्या वीज खात्याचाच, त्यामुळे तिथे उरते ती घरातलीच काटकसर.

छतावरच्या सौर पॅनेलला पीएम सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटला ३०,००० आणि तीन किंवा जास्त किलोवॅटला एकूण ७८,००० रुपये अनुदान आहे. एक किलोवॅट आपल्याकडे महिन्याला सुमारे १२० युनिट देतो. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे पॅनेलची वीज बिलातल्या युनिटांतून वळती करण्याच्या पद्धतीत, ती आपल्या वरच्या टप्प्यातून वजा होतात, म्हणून अडीचशे-तीनशे युनिटांच्या घराला पॅनेल लवकर वसूल होतं. शंभराच्या आतल्या घराला कितीतरी उशिरा. स्थिर आकार पॅनेल लावल्यावरही भरावा लागतो.

पॅनेलच्या आधी मात्र ते १६० युनिटांचं घर पुन्हा पाहू. दोन जुने पंखे ६७, दिवसभर चालू ठेवलेला गीझर ५२, फ्रिज २२, टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्स १२, दिवे आणि मिक्सर ७. पंखे बीएलडीसी केले की ४० युनिट गेले. गीझर आंघोळीपुरता लावला की १०. सेट-टॉप बॉक्स रिमोटने नव्हे, भिंतीवरच्या बटणाने बंद केला की ५. उरले १०५, बिल ८९७ रुपये. दोन पंख्यांचे सहा हजार महिन्याच्या ७३१ रुपयांच्या बचतीतून नवव्या महिन्यात फिटतात, हिवाळ्यात पंखे बंद राहिले तर त्याला आणखी तीन-चार महिने.